नाकावरची फरसबंदी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काम केलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन आले होते. पुस्तकं पाठ होती, हातांना मात्र कशाचीच सवय नव्हती. तालुक्याचा दवाखाना. सकाळपासून गाई-म्हशी, मग शेळ्या, अधूनमधून एखादं कुत्रं. कुत्रं आलं की डॉक्टर त्याला दारातल्या उजेडात घ्यायचे, थर्मामीटरच्या आधी खिशातलं भिंग काढायचे आणि त्याच्या नाकाशी वाकून बराच वेळ बघत राहायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "सर, नाक काळं आहे, ओलं आहे. मग एवढं काय बघता?" त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "रंग लांबूनही दिसतो. पोत बघ."

कुत्र्याच्या नाकाची कातडी लांबून गुळगुळीत चामड्यासारखी वाटते. भिंगाखाली ती फरसबंदी असते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ कसा भेगाळतो, तसे लहान लहान बहुकोनी उंचवटे आणि त्यांच्यामधून गेलेल्या बारीक चरी. तिथे केस नसतात. प्रत्येक कुत्र्याची ही नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. कॅनडाच्या केनेल क्लबने तर १९३८ मध्येच नाकाचा ठसा ओळखीची खूण म्हणून मान्य केला होता.

आज मला या नाकाच्या रंगाविषयी बोलायचं आहे. तो का बदलतो, बदलला तर कधी निर्धास्त राहावं आणि कधी एक दिवसही थांबू नये. तीस वर्षांच्या कामात या एका प्रश्नाने मला जितकं शिकवलं तितकं फार थोड्या प्रश्नांनी शिकवलं असेल.

डिसेंबरात हमखास घडणारा प्रसंग सांगते. तीन वर्षांचा पिवळा लॅब्रॅडोर, सोबत अख्खं कुटुंब. "डॉक्टर, याचं नाक पांढरं पडत चाललंय. रक्त कमी झालंय का?" रक्ताची शंका सगळ्यांनाच येते, कारण माणूस फिकट दिसला की आपण तेच म्हणतो. पण कुत्र्याचं रक्त नाकावर वाचता येत नाही, ते हिरड्यांवर वाचायचं. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. याच्या हिरड्या छान गुलाबी होत्या. नाकाच्या कडा काळ्याच होत्या, मधला पट्टा तेवढा तपकिरी-गुलाबी झालेला. भिंग लावलं. फरसबंदी जशीच्या तशी, एकही उंचवटा झिजलेला नाही. याला 'विंटर नोज' म्हणतात, कुणी 'स्नो नोज'. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की, बर्नीज माउंटन डॉग या जातींत ते जास्त दिसतं. त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही.

मग रंग जातो कुठे? तो कुठे जात नाही, तयार होणं मंदावतं. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात. या कामातला मुख्य कारागीर म्हणजे टायरोसिनेज हे विकर, ज्याच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. तयार झालेल्या रंगाचे बारीक कण रंगपेशी स्वतःजवळ ठेवत नाही. आजूबाजूच्या कातडीच्या पेशींना वाटून टाकते. त्या पेशी वर सरकत सरकत शेवटी झडून जातात. कुत्र्याच्या कातडीत हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. म्हणजे आज दिसणारं फिकेपण ही काही आठवड्यांपूर्वीची बातमी असते. "काल रात्रीत रंग गेला," असं लोक सांगतात तेव्हा त्यांचं लक्ष काल रात्री गेलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

या रंगपेशींचा जन्म नाकात होत नाही. गर्भात पाठीच्या कण्याच्या रेषेवर त्या तयार होतात आणि तिथून दोन्ही अंगांनी खाली उतरत साऱ्या शरीरभर पसरतात. कण्यापासून सर्वांत दूरच्या जागा कोणत्या? छाती, पंजे, शेपटीचं टोक आणि तोंडाचा पुढचा भाग. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांकडे उद्या नीट पाहा. पांढरं बहुधा याच ठिकाणी सापडेल. रंगपेशी पोचायला उशीर झाला किंवा त्या कमी पडल्या, म्हणून ती जागा पांढरी राहिली. बरीच पिल्लं गुलाबी नाकाची जन्मतात आणि पुढच्या काही आठवड्यांत नाकावर काळे ठिपके उमटून एकमेकांत मिसळतात, तेही यामुळेच. पिल्लू घरी आणल्यावर नाकावरचा गुलाबी डाग पाहून घाबरू नका. थांबा.

याच प्रवासाला आणखी एक बाजू आहे, आणि ती पाळणाऱ्यांना माहीत असायला हवी. रंगपेशी कानाच्या आतही जातात, आणि तिथे त्यांचं काम रंग देण्याचं नसतं. अंतर्कर्णातला द्रव योग्य विद्युतस्थितीत ठेवायला त्या लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत तर पिल्लू बहिरं होतं. डाल्मेशियनमधला बहिरेपणा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तमिळनाडूचा राजपालयम, दुधासारखा पांढरा आणि गुलाबी नाकाचा. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटं काढली त्यांत मुधोळ, रामपूर आणि हिमालयन शीपडॉग यांच्याबरोबर तोही होता. या जातीतही बहिरी पिल्लं जन्मतात. गुलाबी नाक म्हणजे बहिरेपणा, असं मुळीच नाही. पण पांढरंशुभ्र पिल्लू घेताना ते झोपेत असताना त्याच्यामागे टाळी वाजवून पाहावी, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

नाकाचा मूळ रंग कोणता असणार हे मात्र आनुवंशिकतेने ठरलेलं असतं. क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या वारशावर पुस्तक लिहिलं, तेव्हा जनुकं प्रत्यक्ष कुणी पाहिलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींवरून त्याने मांडणी केली. चॉकलेटी रंगाचं जनुक २००२ मध्ये कॅनडातल्या शीला श्मुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. ज्या कुत्र्याला हे चॉकलेटी रूप आई आणि बाप दोघांकडून मिळालं, त्याचं नाक कधीच काळं होणार नाही, तपकिरीच राहील. पिवळ्या लॅब्रॅडोरची गोष्ट वेगळी. त्याच्या केसांत काळं रंगद्रव्य बनत नाही, पण नाकावर, पापण्यांच्या कडांवर आणि ओठांवर बनतं. म्हणून पिवळं अंग आणि काळं नाक.

आता थंडीकडे परत येते, कारण इथे माझं एक मत आहे. बहुतेक ठिकाणी असं सांगितलं जातं की टायरोसिनेज थंडीत नीट काम करत नाही, म्हणून हिवाळ्यात नाक फिकं पडतं. पटण्यासारखं आहे, कारण कुत्र्याचं नाक खरोखरच थंड असतं.  

पण सयामी मांजर आठवा. तिच्यात याच विकराचं एक बिघडलेलं रूप असतं. ते उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. म्हणून आईच्या उबदार पोटातून पिल्लू पांढरं बाहेर येतं आणि नंतर कान, पंजे, शेपूट, नाक, म्हणजे अंगाचे गार भाग, काळे पडतात. तिथे थंडी रंग आणते, इथे थंडी रंग नेते असं म्हणायचं. आणि बर्फ कधीच न पाहिलेल्या, पुण्या-नाशिकच्या सौम्य हिवाळ्यात वाढलेल्या लॅब्रॅडोरची नाकंही फिकी पडताना मी पाहिली आहेत. काहींचा रंग उन्हाळ्यात पूर्ण परतला, काहींचा अर्धाच, आणि वयाबरोबर काही कायमची तपकिरी झाली. माझ्या मते नुसत्या थंडीवर ही गोष्ट भागत नाही. दिवसाची लांबी, वय आणि जातीचा वारसा यांचाही वाटा त्यात असावा. ज्या गोष्टीला सिद्ध झालेलं उत्तर नाही तिथे तयार उत्तर देऊन मोकळं होऊ नये, हेही मला डॉक्टरांनीच शिकवलं.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायचा आहे. साठीच्या एक काकू काळ्या रंगाचं गावठी कुत्रं घेऊन आल्या. नाव काळू. त्याच्या नाकाचा पुढचा भाग आणि खालच्या ओठाची कड पार गुलाबी झाली होती. काकू खुर्चीवर बसेनात. पदर हातांवर ओढून दाराशीच उभ्या राहिल्या. मी काळूला तपासत होते तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, माझ्यामुळे तर नाही ना लागलं याला?" आणि पदर बाजूला केला. दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत, कोड होतं. काळू रोज त्यांच्या हातून भाकरी खायचा. त्या दिवसापासून त्यांनी त्याला हाताने भरवणं बंद केलं होतं.

मी त्यांना बसवलं. कोड माणसाकडून माणसाला लागत नाही, माणसाकडून कुत्र्याला लागत नाही, कुत्र्याकडून माणसाला लागत नाही. स्वतःच्याच शरीराची संरक्षणव्यवस्था रंगपेशींवर उलटते, एवढाच तो आजार. कुत्र्यांनाही तो होतो. रॉटवायलर आणि बेल्जियन शेफर्ड या जातींत जास्त. नाक, ओठ, पापण्या पांढऱ्या होतात, तिथले केसही पांढरे होतात, आणि कुत्रं आधीइतकंच मजेत असतं. त्याला आरसा माहीत नाही आणि शेजारीही काही बोलत नाहीत.

काळूला मात्र कोड नव्हतं. मी त्याचं भांडं मागवलं. रबराची जुनी पसरट वाटी, कडा चावून चावून खरखरीत झालेल्या. नाक आणि खालचा ओठ, नेमके जिथे वाटीला टेकतात तिथेच रंग गेलेला. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात काही रसायनं घालतात, आणि त्यांतली काही रंगपेशींना मारक असतात. हे कळलं ते माणसांवरून. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांचा रंग जायला लागला, आणि दोष निघाला त्यांच्या रबरी हातमोज्यांत. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रबरी चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचे पांढरे डाग पायांवर पाहिलेत, आणि टिकलीच्या गोंदामुळे कपाळाच्या बरोब्बर मध्यावर उमटलेला पांढरा ठिपकाही. ज्या बायकांच्या कपाळावर तो ठिपका उठला, त्यांतल्या कितीजणींना घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! दोष गोंदाचा होता.

काळूला स्टीलची थाळी दिली. तीन महिन्यांनी ओठाची कड काळी झाली. नाकावर रंग यायला वर्ष लागलं आणि तो पुरता आला नाही. त्यामागेही कारण आहे. माणसाच्या कोडाच्या डागात रंग परततो तेव्हा तो बहुधा केसांच्या मुळांपासून परततो. तिथे रंगपेशींचा राखीव साठा असतो. म्हणून ओठ आणि बोटांची टोकं, जिथे केस नाहीत, तिथे उपचार लवकर दाद देत नाहीत. कुत्र्याच्या नाकावर केस नाहीत हे मी सुरुवातीला सांगितलं ते यासाठी. तिथे रंगपेशी एकदा मेली की मागून कुमक नसते. विंटर नोजमध्ये रंग परततो, कारण पेशी जिवंत असतात, नुसत्या मंदावलेल्या असतात.

काकूंनी काळूला पुन्हा हाताने भरवायला सुरुवात केली, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट आला, कोड असलेल्या एका मुलीवरचा. त्याला आता किती वर्षं झाली! तरीही स्वतःच्या कुत्र्याला हात लावायला घाबरणारी बाई माझ्या दाराशी उभी राहते, याचं मला फार वाईट वाटतं. आजच्या सभागृहात कोड लागतं हा एक गैरसमज जरी मागे राहिला, तरी माझं येणं वाया जाणार नाही.

इथवर मी धीर दिला. आता उलट बाजू, आणि ती माझ्या चुकीपासून सुरू करते.

एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एक तांबूस कुत्रा असायचा. मे महिन्यात टपरीवाल्या दादांनी मला विचारलं, "याच्या नाकाला काय झालंय, ताई?" मी घाईत होते. स्कूटरवरूनच पाहिलं, नाक करड्या पाटीसारखं झालेलं. "रंग जातोय, दुसरं काही नाही," म्हणाले आणि निघाले. गणपतीत पुन्हा तिकडे गेले तेव्हा त्या नाकावर जखम होती, खपल्या होत्या, आणि शिंकलं की रक्त येत होतं. मग खाली बसून भिंग लावलं. फरसबंदी उरलीच नव्हती. सगळं गुळगुळीत, ओल्या कागदासारखं.

तो डिस्कॉइड ल्युपस होता. हाही शरीराचा स्वतःवरच उलटलेला आजार, पण तो रंगपेशींवर थांबत नाही, कातडीचा पायाच खणून काढतो. नाक काळ्याचं निळसर करडं होतं, मग गुलाबी. त्याच वेळी उंचवटे झिजून सपाट होतात, पापुद्रे निघतात आणि शेवटी व्रण होतात. कोली, शेटलँड शीपडॉग, जर्मन शेफर्ड यांच्यात तो अधिक, पण रस्त्यावरच्या कुत्र्यालाही होतो. ऊन त्याला पेटवतं. म्हणून पौषात फिकं पडलेलं नाक आणि वैशाखात फिकं पडलेलं नाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे मी जास्त संशयाने बघते. बरीच वर्षं तशाच राहिलेल्या व्रणात कर्करोगही उद्भवू शकतो. नक्की निदान करायचं तर नाकाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्याआधी काही आठवडे प्रतिजैविक देऊन बघतात, कारण जिवाणूंचा एक संसर्ग अगदी असाच दिसतो आणि तो नुसत्या प्रतिजैविकाने बरा होतो.

टपरीवाल्या दादांनी त्या कुत्र्यासाठी बाकाखाली गोणपाट बांधून सावली केली. रोज दोनदा टॅक्रोलिमसचं मलम लावलं, आणि चाटू नये म्हणून दहा मिनिटं त्याचं तोंड धरून बसले. दिवाळीनंतर व्रण भरले. नाक कायमचं गुलाबी राहिलं. मे महिन्यात मी स्कूटरवरून उतरले असते तर त्याचे चार महिने वाचले असते.

एक इशारा फार महत्त्वाचा. नाकावर घरातलं काहीही लावू नका. कॅलामाईन लोशन, माणसांची सनस्क्रीन, लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळाचं मलम, यांत बहुधा झिंक ऑक्साईड असतं. कुत्रं नाकावरची कोणतीही गोष्ट क्षणात चाटतं, आणि जस्त पोटात साठत गेलं तर त्याच्या रक्तपेशी फुटतात. रंग परत आणण्याच्या नादात जिवावर बेतायला नको.

आणि एक आजार असा आहे, जिथे नाकाकडे पाहताना डोळ्यांकडे पाहायचं विसरलं तर दृष्टी जाते. व्होग्ट, कोयानागी आणि हराडा या तीन नेत्रवैद्यांच्या नावाने तो माणसांत ओळखला जातो. कुत्र्यांतही त्याचं भावंड आहे, अकिता, सामोयेड आणि हस्कीमध्ये विशेष. डोळ्यांच्या आतही रंगपेशी असतात आणि हल्ला तिथेही होतो. डोळे लाल होतात, कुत्रं उजेड टाळतं, भिंतींना अडखळतं, आणि त्याच सुमारास नाक व ओठ पांढरे होतात. अशा वेळी सोमवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांचं भिंग त्यांच्या घरच्यांनी मला दिलं. आज सोबत आणलं आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचं असेल त्यांनी या. पण तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा आहे, आणि तो या भिंगापेक्षा जवळून पाहू शकतो. आपल्या घरातल्या कुत्र्याच्या, आणि दारात पोळीसाठी येणाऱ्याच्याही, नाकाचा एक फोटो दिवसाच्या उजेडात, अगदी जवळून काढून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा काढा. नाकाचा रंग बदलला म्हणून दवाखान्यात याल तेव्हा ते जुने फोटो आणि त्याचं जेवणाचं भांडं, दोन्ही बरोबर आणा.